नैनिताल : तळ्याने जगवलेले गाव

उत्तराखंडच्या कुमाऊं भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,९३८ मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या एका खळग्यात नैनी तलाव आहे. त्याची लांबी दीड किलोमीटरच्या आत-बाहेर, रुंदी जास्तीत जास्त अर्धा किलोमीटर, क्षेत्रफळ जवळपास ४८ हेक्टर आणि सर्वाधिक खोली सुमारे २७ मीटर. रमतगमत चालले तरी तासाभरात त्याची प्रदक्षिणा पुरी होते. एवढ्याशा पाण्याच्या काठाने नैनिताल वसले आहे. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ४१,३७७ होती. हेच जिल्ह्याचे ठाणे, हेच उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाचे गाव, आणि उन्हाळा लागला की मैदानी प्रदेशातून येणाऱ्या हजारो माणसांचा विसावाही हेच.

तळे वायव्येकडून आग्नेयेकडे पसरले आहे. वायव्येच्या वरच्या टोकाला मल्लीताल, आग्नेयेच्या खालच्या टोकाला तल्लीताल. या दोन बाजारपेठांना जोडणारा ईशान्य काठावरचा रस्ता म्हणजे माल रोड. गोविंद वल्लभ पंत मार्ग हे त्याचे आजचे अधिकृत नाव. हॉटेले, दुकाने, ग्रंथालय, बँका, सगळी वर्दळ याच काठाला. समोरच्या नैर्ऋत्य काठाने ठंडी सडक जाते. ती पायी चालणाऱ्यांची वाट. डोंगराची सावली तिच्यावर दिवसाचा बराच वेळ असते, आणि वाटेवर पाषाणदेवीचे छोटे देऊळ लागते. दोन काठांचे हे दोन स्वभाव गावाच्या रचनेतच आहेत, आणि त्यांचे मूळ पाण्याखालच्या खडकात आहे.

तळे कसे झाले

नैनी तलाव हिमालयाच्या बाहेरच्या रांगेत आहे. जवळचे रेल्वे स्थानक काठगोदाम अवघ्या साडेपाचशे मीटर उंचीवर. तिथून ३५ किलोमीटरच्या घाटात रस्ता जवळजवळ चौदाशे मीटर चढतो. अशा ठिकाणी, इतक्या उंचावर, भर उन्हाळ्यातही न आटणारे पाणी कसे साठले, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या भूशास्त्रज्ञांनाही पडला होता. काहींना ती हिमनदीची करणी वाटली, तर काहींनी दरडीने अडलेल्या ओढ्याकडे बोट दाखवले. आज सर्वसाधारणपणे मान्य असलेला उलगडा असा, की तळ्याच्या लांबीनेच जमिनीत एक प्रस्तरभंग गेलेला आहे. त्याच्या दोन्ही अंगांचे खडक एकमेकांच्या तुलनेत सरकले, पूर्वी वाहणारा प्रवाह अडला आणि खळग्यात पाणी साठत गेले.

प्रस्तरभंगाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या जातींचे खडक आहेत. नैर्ऋत्येच्या अयारपाटा डोंगरात चुनखडक आणि डोलोमाइट आहे. तो भेगाळलेला असला तरी तुलनेने टणक. त्याच्या पोकळ्यांतून पाणी झिरपते आणि लहान-मोठ्या गुहाही तयार होतात. ईशान्येचा शेर-का-डांडा मात्र पाटीच्या दगडाचा आणि शेलचा. हा खडक पापुद्र्यांचा, पाणी मुरले की निसटणारा. माल रोड आणि त्याच्यावरची दाट वस्ती याच डोंगराच्या पायथ्याशी आणि उतारावर आहे. नैनितालच्या इतिहासातले सर्वांत दुःखद पान याच उतारावर लिहिले गेले.

ऋषींचे सरोवर, साखरेचा व्यापारी

स्कंदपुराणातल्या मानसखंडात या जागेला त्रिऋषी सरोवर म्हटले आहे. अत्री, पुलस्त्य आणि पुलह हे तीन ऋषी येथे आले. त्यांना पाणी मिळेना, तेव्हा त्यांनी खड्डा खणून त्यात मानससरोवराचे पाणी आणले, अशी ती कथा. दुसरी लोकश्रद्धा शक्तिपीठाची. सतीचा नेत्र येथे पडला, म्हणून ही नयनादेवी. येथे वस्ती नव्हती तेव्हाही आसपासच्या गावांचे लोक देवीच्या जत्रेसाठी तळ्याकाठी जमत. गुराख्यांची ये-जा असे. पण येथे घर करून राहण्याची रीत नव्हती, कारण जागा देवाची होती.

कुमाऊंचा इंग्रज कमिशनर जॉर्ज विल्यम ट्रेल हा १८२३ च्या सुमारास येथे येऊन गेला होता. लोकांच्या श्रद्धेची बूज राखून त्याने या जागेचा गाजावाजा केला नाही, असे मानले जाते. ते मौन १८४१ साली मोडले. शाहजहानपूरजवळच्या रोजा येथे साखरेचा धंदा करणारा पीटर बॅरन डोंगरांत भटकत असताना येथे पोचला आणि तळे पाहून थक्क झाला. कलकत्त्याच्या वृत्तपत्रात त्याने याविषयी लिहिले. पुढे १८४४ मध्ये 'पिलग्रिम' या टोपणनावाने त्याचे हिमालयातल्या भ्रमंतीचे पुस्तक आग्र्याहून निघाले. त्याने काठावर बांधलेल्या बंगल्याचे नावही पिलग्रिम लॉज.

जमीन मिळवतानाचा एक प्रसंग बॅरननेच लिहून ठेवला आहे. या डोंगरांवर हक्क सांगणारा थोकदार नरसिंह जागा सोडायला तयार नव्हता. बॅरनने त्याला होडीतून तळ्याच्या मध्यावर नेले. नरसिंहाला पोहता येत नव्हते. हक्क सोडल्याचे लिहून दे, नाहीतर पाण्यात ढकलतो, अशी धमकी देऊन त्याने सही घेतली. लिहिणाऱ्याने हे गमतीच्या सुरात सांगितले असले तरी गावाची पहिली नोंद जबरदस्तीची आहे, हे त्यातून लपत नाही. थंड हवेच्या ठिकाणांचा इतिहास सांगताना शोधकर्त्याचे नाव ठळक होते. ज्यांच्या चराऊ कुरणांवर आणि देवस्थानांवर ती गावे उभी राहिली त्यांची नावे मात्र क्वचित कुठे उरतात. नरसिंहाचे उरले, तेही त्याला धमकावणाऱ्याच्याच लेखणीतून.

कमिशनर लशिंग्टनच्या काळात जमिनीचे पट्टे देण्याचे नियम झाले आणि भराभर बंगले उठू लागले. गावाच्या उभारणीत मोतीराम शाह या स्थानिक सावकार-ठेकेदाराचा मोठा वाटा होता. नयनादेवीचे देऊळही त्यांनीच बांधले. १८४५ मध्ये नगरपालिका आली. सेंट जॉन इन द विल्डरनेस हे चर्चही त्याच दशकातले. १८५७ च्या उठावात बरेली आणि रोहिलखंडातून पळालेली इंग्रज कुटुंबे नैनितालला आश्रयाला आली. खान बहादूर खानाच्या फौजांनी खालून दबाव आणला, पण गाव पडले नाही. पकडलेल्या बंडकऱ्यांना जिथे फासावर दिले ती घळ आजही फांसी गधेरा म्हणून ओळखली जाते. लगेच नंतरच्या वर्षांत मल्लीतालला बांधलेले चर्च हे भारतातल्या मेथडिस्ट पंथाचे सर्वांत जुने मानले जाते. १८६२ पासून नैनिताल वायव्य प्रांताची उन्हाळी राजधानी झाले, आणि गावाची वाढ सरकारी खर्चाने होऊ लागली.

१८ सप्टेंबर १८८०

वाढ झाली ती प्रामुख्याने शेर-का-डांड्याच्या उतारावर. झाडे तोडून, उतार कापून, घरांसाठी सपाट्या काढून. १८६६ आणि १८७९ साली दरडी कोसळून गेल्या होत्या. १८८० च्या सप्टेंबरमध्ये सलग दोन दिवस कोसळलेल्या पावसाने डोंगर पुरता भिजला. १८ तारखेला सकाळी व्हिक्टोरिया हॉटेलच्या मागचा एक भाग निसटला आणि काही माणसे गाडली गेली. त्यांना काढण्यासाठी सैनिक, अधिकारी, मजूर आणि गावकरी धावले. दुपारी काम चालू असतानाच वरचा सगळा उतार काही क्षणांत खाली आला. हॉटेल, त्याखालची दुकाने, असेंब्ली रूम्स आणि नयनादेवीचे देऊळ त्याच्या वाटेत होते. १५१ माणसे मेली. त्यांत १०८ भारतीय आणि ४३ युरोपीय होते. वाचवायला गेलेल्यांपैकी अनेकजण परत आले नाहीत.

सेंट जॉन चर्चमध्ये मृत युरोपियांच्या नावांची पितळी पाटी आहे. भारतीयांची संख्या दुपटीहून अधिक होती, पण त्यांची तशी पाटी नाही. देऊळ १८८३ मध्ये तळ्याकाठी पुन्हा उभे राहिले. दरडीचा मलबा मल्लीतालच्या टोकाला पसरून जे मोठे सपाट मैदान वाढले, तेच आजचे फ्लॅट्स. येथे हॉकी आणि क्रिकेटचे सामने होतात, संध्याकाळी पोरे खेळतात आणि पर्यटक भुट्टा खात फिरतात. मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि चर्च या मैदानाच्या आसपासच, हाकेच्या अंतरावर आहेत.

या आपत्तीतून गावाने एक मोलाचा धडा घेतला. पावसाचे पाणी डोंगरात मुरून उतार सैल होऊ नयेत म्हणून दगडी बांधणीच्या नाल्यांचे जाळे आखले गेले. मोठे नाले आणि त्यांना मिळणाऱ्या फांद्या मिळून साठांहून अधिक नाले डोंगरावरचे पाणी थेट तळ्यात आणून सोडतात. तीव्र उतारावर पाण्याचा जोर मोडावा म्हणून त्यांना पायऱ्यांसारखे टप्पे दिले. कोणत्या उतारावर बांधकाम करू द्यायचे, याचेही निर्बंध आले. आज हॉटेलच्या खिडकीतून दिसणारा कोरडा दगडी ओघळ पर्यटकाच्या लक्षातही येत नाही, पण गाव दीडशे वर्षे टिकले त्याचे मोठे श्रेय त्याला आहे. नाल्यात कचरा वा राडारोडा टाकला की तो तुंबतो, आणि नाला तुंबला की पाणी पुन्हा डोंगरात शिरते. जे वाहून जाते ते तळ्याच्या तळाशी साठते. नैनितालमध्ये स्वच्छतेचा प्रश्न हा सुरक्षेचाही प्रश्न आहे, तो असा.

राजधानीचे वैभव

काठगोदामपर्यंत रेल्वे १८८४ मध्ये आली आणि नैनिताल मैदानाच्या जवळ आले. शेर-का-डांड्यावरचे जुने गव्हर्नर हाउस भेगा पडल्याने सोडावे लागले, तेव्हा अयारपाट्याच्या अंगाला नवे बांधायचे ठरले. १८९७ मध्ये काम सुरू झाले आणि शतक सरता सरता पुरे झाले. त्याचा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि मुंबई महापालिकेची इमारत उभी करणारे वास्तुविशारद हेच. गॉथिक धाटणीचे निमुळते मनोरे आणि दगडी कमानी मुंबईकराला ओळखीच्या वाटतील, फक्त येथे त्यांच्या मागे देवदार आहेत. हे आता राजभवन असून त्याच्या आवारात गोल्फचे मैदान आहे. त्याच काळातल्या जुन्या सचिवालयात २००० सालापासून उत्तराखंडचे उच्च न्यायालय भरते.

नैनितालची दुसरी ओळख निवासी शाळांची. शेरवुड कॉलेज १८६९ चे. फील्ड मार्शल सॅम माणेकशॉ आणि अमिताभ बच्चन हे तिथले विद्यार्थी. सेंट मेरीज कॉन्व्हेंट १८७८ चे, सेंट जोसेफ्स १८८८ चे. दुपारी शाळा सुटल्यावर गणवेशातली मुले घोळक्याने माल रोडवर उतरतात, तेव्हा हे केवळ पर्यटकांचे गाव नाही हे ध्यानात येते.

जिम कॉर्बेट २५ जुलै १८७५ रोजी येथेच जन्मले. वडील पोस्टमास्तर होते, तर आई मेरी जेन घरे भाड्याने देण्या-घेण्याचा व्यवहार सांभाळत. उन्हाळा नैनितालच्या गर्नी हाउसमध्ये आणि हिवाळा खाली कालाढुंगीला, असा या कुटुंबाचा रिवाज होता. मैदान आणि डोंगर यांच्यातले हे ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर कुमाऊंतल्या अनेक घरांचे होते, आणि त्या येण्या-जाण्यातच कॉर्बेट रान वाचायला शिकले. नरभक्षक वाघांचे शिकारी म्हणून नाव झालेल्या या माणसाने पुढे कॅमेरा हाती घेतला आणि वाघ राखण्याची बाजू मांडली. १९४७ च्या अखेरीस ते बहिणीसह केनियाला गेले आणि १९५५ मध्ये तिथेच वारले.

रान आणि पाखरे

तळ्याभोवतीच्या डोंगरांवर बांज, तिलौंज, खरसू हे ओकचे प्रकार, सुरई म्हणजे हिमालयी सायप्रस, देवदार आणि बुरांस यांचे मिश्र रान आहे. यात बांजाला कुमाऊंत विशेष मान. त्याच्या पानांचा जाड थर पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि सावकाश जमिनीत सोडतो. बांजाच्या रानाखालचे झरे उन्हाळ्यातही वाहतात, ही पहाडातल्या बायकांची पिढ्यान् पिढ्यांची जाण आहे, कारण पाणी आणि चारा आणण्याचे ओझे त्यांच्याच डोक्यावर असते. वसंतात बुरांस लाल फुलांनी लगडतो आणि त्याचे सरबत घरोघर होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी काफळाची आंबटगोड फळे टोपल्यांतून बाजारात येतात. दिवाळीनंतर काही झाडे झडू लागतात, तेव्हा पद्म या रानचेरीला गुलाबी बहर येतो.

पक्षिनिरीक्षकांसाठी नैनितालच्या वरचा किलबरी-पंगोटचा पट्टा आणि खालचे सातताल ही देशातल्या उत्तम जागांपैकी आहेत. कलीज, कोकलास, सुतार, कस्तूर आणि हसऱ्या पाखरांच्या जाती येथे सहज भेटतात. एका पाखराची मात्र फक्त आठवण उरली आहे. हिमालयी लावा हा छोटा डोंगरी पक्षी जगात केवळ मसुरी आणि नैनिताल या दोन ठिकाणीच नोंदला गेला. त्याची शेवटची खात्रीलायक नोंद १८७६ सालची, शेर-का-डांड्यावरची. त्यानंतर शोध अनेकदा झाले, पण तो दिसला नाही.

पाण्याच्या आतले वर्ष

वरून शांत दिसणाऱ्या तळ्यात वर्षभर एक चक्र चालते. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत वरचे पाणी उन्हाने तापून हलके राहते आणि खालचे थंड, जड पाणी तळाशी अडकून पडते. दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. वर शेवाळ वाढते, मरते आणि खाली बसते. तिथे ते कुजताना प्राणवायू संपवते, त्यामुळे तळाचे पाणी निर्जीव होते. हिवाळ्यात वरचे पाणी थंड होऊन जड झाले की तेही खाली उतरते आणि सगळे तळे ढवळले जाते. सांडपाण्यातून येणारी नत्र आणि स्फुरदाची खते जितकी जास्त, तितके शेवाळ जास्त आणि तळाचे पाणी तितके विषारी. म्हणूनच काही वर्षे ऐन हिवाळ्यात, पाणी ढवळले की, मासे मरून वर येत.

राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेखाली या शतकाच्या पहिल्या दशकात नैनी तलावाची डागडुजी सुरू झाली. २००७ पासून तळाशी बसवलेल्या नळ्या आणि चकत्यांतून दाबाने हवा सोडली जाते. बुडबुड्यांबरोबर पाणी वर-खाली फिरते आणि खोल भागालाही प्राणवायू मिळतो. सांडपाणी तळ्याबाहेर नेण्याची व्यवस्था सुधारली गेली, परके मासे काढून महसीर सोडले गेले. पाण्याची पारदर्शकता वाढली. हे यंत्र आजही चालते. ते थांबले की जुनी स्थिती परत येणार, कारण खतांचा साठा तळच्या गाळात आहेच.

या पाण्यावर गावाचे पिणेही अवलंबून आहे. मल्लीतालच्या काठाला विंधन विहिरी आहेत. तळ्याचे पाणी वाळू-दगडांच्या थरातून झिरपत त्यांच्यापर्यंत येते आणि वाटेत बरेचसे गाळले जाते. मग निर्जंतुक करून ते नळांना सोडतात. काठालगतच्या जमिनीकडून पाणी गाळून घेण्याची ही पद्धत युरोपात नद्यांकाठी जुनी आहे. भारतातल्या तिच्या चांगल्या अभ्यासलेल्या उदाहरणांपैकी नैनिताल एक आहे. जेवणाच्या टेबलावरचा पेला आणि खिडकीतून दिसणारे तळे यांत काही मीटर वाळूचेच अंतर आहे.

तळ्याला पाणी कुठून येते, हे समजण्यासाठी मल्लीतालच्या वर सूखातालला जावे लागते. हे पावसाळ्यात भरणारे आणि नंतर कोरडे पडणारे खोलगट मैदान आहे. बघणाऱ्याला ते पडीक वाटते. रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेच्या अभ्यासांनी दाखवले, की नैनी तलावात भूगर्भातून येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा सूखातालात मुरलेल्या पावसाचा आहे. गेल्या काही दशकांत तिथे मलबा टाकला गेला आणि बांधकामे झाली. पुढे त्याच्या सुशोभीकरणाचे काम निघाले, तेव्हा त्याने पाणी मुरणेच थांबेल, ही हरकत उच्च न्यायालयापुढे आली आणि २०२२ मध्ये कामाला स्थगिती मिळाली. २०१७ च्या उन्हाळ्यात पाणी इतके खाली गेले होते, की दोन्ही टोकांना नाल्यांच्या तोंडाशी साठलेले गाळाचे त्रिकोण उघडे पडले आणि लोक तिथे चालत गेले. डोंगरावर बांज कमी झाला, सूखाताल बुजत गेला, वस्तीची पाण्याची गरज वाढली. तिन्हींचा हिशेब तळ्याच्या काठावरच्या पातळीपट्टीवर वाचता येतो.

तळ्याचे जास्तीचे पाणी तल्लीतालला डांठ या जागी दरवाजांतून बाहेर पडते आणि बलिया नाल्याने गौला नदीकडे जाते. या नाल्याचे काठ खचत असल्याने वरची काही कुटुंबे हलवावी लागली. ऑगस्ट २०१८ मध्ये लोअर माल रोडचा एक तुकडा तळ्यात कोसळला. ऑगस्ट २०२४ मध्ये टिफिन टॉपवरची डोरोथीज सीट ही दगडी बैठक दरडीबरोबर गेली. इतिहासकार अजय रावत यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच तळ्याचे प्रदूषण, बहुमजली बांधकामे आणि वाहनांची गर्दी यांवर निर्देश दिले होते. ते निर्देश आजही तितकेच लागू आहेत.

विसाव्याचे दिवस

महाराष्ट्रातून जाणाऱ्याला दिल्ली गाठून तिथून रेल्वेने काठगोदामला उतरणे सोयीचे. पंतनगरचा विमानतळ साधारण ६५ ते ७० किलोमीटरवर आहे. मे आणि जूनमध्ये हवा सुखद असली तरी गर्दीचा कहर असतो. वाहने गावाबाहेर थांबवून लोकांना शटलने आत आणावे लागते आणि संध्याकाळी माल रोड वाहनांना बंद होतो. कैंची धामला नीम करौली बाबांच्या आश्रमाकडे जाणाऱ्यांचीही त्यात भर पडते. तिथला १५ जूनचा वार्षिक उत्सव प्रसिद्ध आहे. जुलै ते सप्टेंबर धो धो पाऊस आणि दरडींची भीती. डिसेंबर ते फेब्रुवारीत कडाक्याची थंडी आणि अधूनमधून बर्फ. निवांतपणासाठी दसऱ्यानंतरचे दोन महिने सर्वांत चांगले. पावसाने हवा धुतलेली असते, रान हिरवे असते आणि सकाळी हिमशिखरे स्वच्छ दिसतात.

ती पाहण्यासाठी स्नो व्ह्यूला मल्लीतालहून रोपवेने जाता येते. पायी जायची तयारी असेल तर नैना पीक गाठावे. २,६०० मीटरहून थोडे उंच असलेले हे गावाचे सर्वांत उंच शिखर. येथून त्रिशूळ (७,१२० मीटर) आणि नंदादेवी (७,८१६ मीटर) ही शिखरे एका रांगेत दिसतात, आणि पाठ फिरवली की खाली तळ्याचा पूर्ण आकार. तळ्यात वल्ह्याच्या होड्या नावाडी चालवतात. बोट क्लबच्या शिडांच्या होड्या वारा असला की बाहेर पडतात. दुपार माल रोडवरच्या दुर्गा साह नगरपालिका ग्रंथालयात काढता येते. पुस्तक हातात आणि खिडकीबाहेर पाणी, अशी जागा दुसरीकडे सापडणे कठीण.

खाण्यासाठी कुमाऊंनी घरगुती पदार्थ शोधावेत. जिरे-धण्यात परतलेले आलू के गुटके, भट्ट म्हणजे काळ्या सोयाबीनची चुडकाणी, मडुवा म्हणजे नाचणीची भाकरी आणि भांगेच्या भाजलेल्या बियांची चटणी. नाचणीवर वाढलेल्या कोकणी माणसाला मडुव्याची भाकरी परकी वाटणार नाही. अल्मोड्याची बालमिठाई येथेही मिळते. नैनितालच्या मेणबत्त्यांचा कुटिरोद्योग जुना असून त्यावर अनेक घरे चालतात.

भाद्रपद शुद्ध अष्टमीच्या सुमारास नंदादेवीचा महोत्सव होतो. महाराष्ट्रात ज्येष्ठा गौरी येतात त्याच दिवसांत. केळीची झाडे विधिपूर्वक आणून त्यांच्या खोडांपासून नंदा आणि सुनंदा या बहिणींच्या मूर्ती घडवतात. नयनादेवीच्या देवळात त्यांची पूजा होते, डोला गावभर फिरतो आणि मग मूर्ती तळ्यात विसर्जित होतात. नंदा ही कुमाऊंची लेक, माहेरी आलेली. तिला निरोप देताना बायका रडतात.

नैनितालच्या आसपासही तळी आहेत. २२ किलोमीटरवरचे भीमताल आकाराने मोठे. त्याचा बांध १८८३ चा आणि मध्ये बेट आहे. नौकुचियाताल या भागातले सर्वांत खोल, तर सातताल दाट रानात. तिथला ख्रिस्ती आश्रम स्टॅन्ली जोन्स यांनी १९३० मध्ये सुरू केला. वाटेवरच्या घोडाखालला गोलू देवतेचे देऊळ लागते. न्याय मागणारे लोक तिथे अर्ज लिहून टांगतात आणि काम झाले की घंटा वाहतात. बिमल रॉय यांच्या 'मधुमती'चे काही चित्रण याच घोडाखालच्या परिसरात झाले आणि त्यातला बराच भाग पुढे नाशिक जिल्ह्यात वैतरणा धरणाच्या बाजूला उभा केला गेला. नैनितालपासून नऊ किलोमीटरवर मनोरा टेकडीवर आर्यभट्ट वेधशाळा आहे. तिचा आरंभ १९५४ मध्ये वाराणसीत झाला आणि पुढे ती डोंगरात आली. देवस्थळ येथील तिची ३.६ मीटर व्यासाची दुर्बीण २०१६ पासून काम करते आहे.

एवढे सगळे पाहायचे तर एका मुक्कामात धावपळ होते. आठवड्याअखेरचे दोन दिवस टाळून मधले चार दिवस राहावे, गाडी खालीच ठेवून पायी फिरावे, भीमताल वा साततालला एक मुक्काम करून नैनितालवरचा भार हलका करावा, प्लास्टिकच्या बाटल्या आणूच नयेत, आणि पाणी जपून वापरावे. उन्हाळ्यात एका खोलीत न्हाणीघराला लागणारे पाणी त्याच तळ्यातून उपसलेले असते. स्थानिकांच्या बाजूने सूखाताल मोकळा ठेवणे, नाल्यांची सफाई पावसाआधी पुरी करणे, शेर-का-डांड्यावर नवे बांधकाम रोखणे आणि बांजाची लागवड करणे ही चार कामे वर्षानुवर्षे सांगितली जात आहेत. शासन, नगरपालिका, हॉटेलवाले आणि पाहुणे यांनी ती आपापल्या वाट्याने उचलली, तर तळे पुढच्या पिढ्यांनाही विसावा आणि पाणी दोन्ही देत राहील.